खोलीत न मावणारा घाट

कसारा ते इगतपुरी हे अंतर साधारण १४ किलोमीटर. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींच्या एचओ मापात, म्हणजे १:८७ या प्रमाणात, ते १६० मीटर होतं. आमच्या भाऊजींची मागची खोली दहा बाय अकरा फुटांची. त्यात हा घाट बसवायचा चंग त्यांनी निवृत्त झाल्यापासून बांधलाय, आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात कपडे कुठे वाळवायचे हा प्रश्न जाऊबाईंनी विचारायचा सोडून दिलाय.

बघायला येणाऱ्यांना वाटतं, हा छंद असलेली मंडळी दिवसभर गाडी गोल गोल फिरवत बसतात. गाडी फिरते ती पाहुणे आले की. एरवी यांचं कापणं, खरवडणं, चिकटवणं चालू असतं, आणि त्याहून जास्त वेळ जातो तो कशाला कात्री लावायची या विचारात. वीस डब्यांची गाडी घ्या. एक डबा बावीस मीटरच्या आसपास, म्हणजे या मापातही गाडी पाच मीटरच्या वर जाते. इंजिन खिडकीशी आणि शेवटचा डबा स्वयंपाकघरात! म्हणून भाऊजींची पंचवटी पाच डब्यांची. वळणाचंही तेच. आपल्या ब्रॉडगेजला १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण देत नाहीत. ते प्रमाणात उतरवलं तरी दोन मीटर त्रिज्या लागते. खोलीत कशीबशी अर्धा मीटर मिळते. शिवाय बाजारात मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, परदेशातल्या १४३५ मिलिमीटर गेजवरून, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावरून काढलेला. आपला गेज १६७६. प्रमाणात बघाल तर पावणेतीन मिलिमीटरचा फरक. कोणाला दिसत नाही. भाऊजींना दिसतो, आणि ते तो चहा पिता पिता सगळ्यांना दाखवतात.

डबे कमी केले, वळणं आवळली, पण बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, मात्र त्यांनी काढू दिलं नाही. थळ घाटाचा, म्हणजे याच कसारा घाटाचा, चढ ३७ला एक: ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि इगतपुरीला सुटतात, हे नाशिककरांना नव्याने सांगायला नको. मुंबईहून येताना कसाऱ्याला बसलेल्या त्या हलक्या धक्क्याने झोपमोड झाली नाही असा माणूस विरळा. माझ्या मते ज्याने घाट पाहिलाय तो डबे मोजत बसत नाही, आधी मागे बघतो. गंमत म्हणजे खोलीतला चढही खरा निघाला. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर साडेसात सेंटिमीटर उंची हवी, आणि ३७ला एक धरलं तर त्यासाठी पावणेतीन मीटर लांबी. तेवढ्यात एक भिंत संपते. त्या चढावर पुढचं इंजिन एकटं असलं की चाकं जागच्या जागी फिरतात, गाडी हलत नाही. मग मागे दुसरं लावलं. पण मागचं पुढच्यापेक्षा जरा जरी जोरात ढकलू लागलं, की मधला हलका डबा वळणावर रुळाबाहेर. आता दोन्ही इंजिनांत वेग ठरवणाऱ्या डीकोडरच्या चिप आहेत, वेग जुळवून घेतलेत, वजनासाठी डब्यांच्या पोटात लोखंडी नट चिकटवलेत. ते जुळवायला एक अख्खा पावसाळा गेला.

डोंगराने त्याहून छळलं. प्लॅस्टर ओतून चाकूने कोरला की डोंगर आपोआप स्वित्झर्लंडचा होतो, टोकदार आणि उभ्या भेगांचा. सह्याद्रीचा कातळ तसा नाही. तो लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला, म्हणून आडवा: कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा. भाऊजी पांडवलेण्याच्या पायथ्याशी वही घेऊन बसायचे. विकतचं गवतही इतकं हिरवंगार की आपल्याकडे ते श्रावणात महिनाभर खपेल, बाकीचे महिने खोटं. शेवटी घाट मार्चमधला ठरला. सुतळीचे तंतू बारीक कापून पिवळं गवत केलं, आणि जमिनीला वाळवलेला चहाचा चोथा. (त्या घरात चहा जास्त होतो, त्यामुळे मालाला तोटा नाही.)

माणसं आली तीही परदेशी, दोन सेंटिमीटरची, स्कर्ट घातलेल्या बाया. त्यांना साडी नेसवायची तर टिश्यू पेपरची चिंधी पातळ फेविकॉलमध्ये बुडवायची, सुईच्या टोकाने खांद्यावर टाकायची, वाळल्यावर एका केसाच्या ब्रशने काठ काढायचा. इगतपुरीच्या फलाटावर आता अशा सात जणी उभ्या आहेत. जाऊबाई भिंगातून बघून म्हणाल्या, “निऱ्या कुठे आहेत?” निऱ्या मग झाल्या.

सगळ्यात अवघड मला वाटतं ते मळवणं. हजारो रुपयांचं कोरं इंजिन, आणि त्यावर हा माणूस तपकिरी पेस्टल खडू किसून त्याची पूड ब्रशने चोपडतो. चाकांजवळ गडद, कारण ब्रेकची धूळ तिथे बसते, छपरावर काळपट, खिडक्यांखाली पावसाच्या ओघळांच्या रेघा. हात थांबला नाही तर गाडी भंगारातली दिसते, लवकर थांबला तर खेळण्यातली.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे, तिथे सर्कससकट अख्खं गाव उभं केलंय. भाऊजी जाऊन आले, तोंड भरून कौतुक केलं आणि म्हणाले, “घाट पाहिजे होता.” नाशिककराने पुण्याचं कौतुक इतपतच करावं.

सध्या डोक्यात ट्राम आहे. नाशिकला मेनरोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम होती, पुढे ती इंजिनावर चालली आणि १९३०च्या दशकात बंद पडली. तिचा रूळ ७६२ मिलिमीटरचा. ८७ने भागलं की पावणेनऊ, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो! ब्रॉडगेजने जन्मभर छळलं, ट्राम मात्र जवळजवळ अचूक बसते, या आनंदात भाऊजी आठवडाभर होते. मग घोड्यांचं लक्षात आलं. ट्राम पुढे जाणार आणि घोड्यांचे पाय हलणार नाहीत. “इंजिनाच्या काळातली करा,” मी म्हटलं. ते त्यांना कमीपणाचं वाटतं. जाऊबाईंची हरकत वेगळीच आहे. उरलेल्या भिंतीला त्यांचं शिलाई मशीन आहे, आणि ते हलणार नाही असं त्यांनी सांगून टाकलंय.