ओलावा असूनही ‘नाही’ म्हणणारं हॅजॲट्र: माझा अनुभव

हिंगणघाटकडच्या आमच्या गावात शेतकरी गटाच्या मालाच्या नोंदी आम्ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ठेवतो. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीतही चालतात, म्हणून ‘कापूस’ आणि ‘तूर’ असे सरळ दोन क्लास, म्हणजे नोंदींचे साचे. वजन दोघांना, धाग्याची लांबी फक्त कापसाला. यादी छापताना प्रत्येक नोंदीकडे धाग्याची लांबी मागितली जायची, म्हणून तुरीची पहिली नोंद आली की ॲट्रिब्यूटएरर (मागितलेली माहिती नोंदीत नसल्याची एरर) येऊन काम थांबायचं. हॅजॲट्र (hasattr) हे पायथनचं फंक्शन. त्याला ऑब्जेक्ट (साच्यातून बनलेली एक नोंद) आणि अवतरणचिन्हांत ॲट्रिब्यूटचं (नोंदीतल्या माहितीचं) नाव दिलं, की ते आहे का याचं उत्तर ट्रू किंवा फॉल्स. तुरीचा प्रश्न तिथंच मिटला.

खरा पेच ओलाव्याचा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यावर माल घेतच नाहीत. शेतकऱ्याचे पैसे त्या आकड्यावर ठरतात. ‘ओलावा’ ही प्रॉपर्टी (मागितल्यावर कोड चालवून उत्तर देणारं ॲट्रिब्यूट) कापूस क्लासमध्ये लिहिलेली होती, तरी कापसाच्या काही गाड्यांना हॅजॲट्र फॉल्स म्हणे.

“दादा, ओलावा तं लिवला हाये ना, मंग हे नाही काहून मनते?” आतेभाऊ वैतागला.

पायथनची कागदपत्रं वाचल्यावर उलगडलं. हॅजॲट्र नावांची यादी पाहून उत्तर देत नाही. ते आतून गेटॲट्र (getattr, ॲट्रिब्यूटची किंमत आणून देणारं फंक्शन) सारखं ॲट्रिब्यूट खरोखर मागतं, आणि ॲट्रिब्यूटएरर आली तर फॉल्स देतं. म्हणजे प्रॉपर्टीतला सगळा कोड त्या प्रश्नासाठी चालतो. ज्या गाड्यांचं मीटरचं वाचन राहिलं होतं तिथं वाचनाच्या जागी नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) होतं. ननकडे ‘टक्के’ मागितले की ॲट्रिब्यूटएरर, आणि हॅजॲट्र ती गिळून मोकळं. पायथन २ मध्ये तर ते इतर एररही गिळायचं, ३.२ पासून फक्त ॲट्रिब्यूटएरर. माझ्या मते ही सुधारणा फार मोलाची आहे.

हॅजॲट्र काढून थेट ओलावा मागितला, तेव्हा ओळ क्रमांकासकट कारण पडद्यावर आलं. आता वाचन नन आहे का हे प्रॉपर्टीच आधी बघते, आणि अशा गाडीपुढे ‘मोजणी बाकी’ छापतो.

धाग्याच्या लांबीसाठी गेटॲट्रला तिसरी किंमत (ॲट्रिब्यूट नसेल तर द्यायचं उत्तर) म्हणून रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरा मजकूर, देतो, वेगळी तपासणी लागत नाही. पण प्रॉपर्टीवर तेही तीच एरर लपवतं. प्रॉपर्टी न चालवता तपासायचं तर ऑब्जेक्टऐवजी त्याच्या क्लासवर हॅजॲट्र लावतो. वजनासारखं इनिटमध्ये (__init__, ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) भरलेलं ॲट्रिब्यूट मात्र क्लासवर सापडत नाही, ते ऑब्जेक्टलाच विचारावं लागतं.