चकाचक धुतलेले खडे

आमच्या नववीच्या वर्गाची ॲक्वापोनिक्सची, म्हणजे एकाच पाण्यावर मासे आणि भाजी वाढवायची, टाकी छान सेट झाली होती, खाली मासे, वर खड्यांच्या ट्रेमध्ये पालक. त्या सोमवारी बघते तर सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. पोरं म्हणाली मॅडम ऑक्सिजन संपला, पण एअर पंप तर व्यवस्थित चालू होता. मी काही बोलले नाही, टेस्ट किट त्यांच्या हातात दिलं.

अमोनियाची नळी गर्द हिरवी, ४ पीपीएम! आणि नायट्राइट शून्य. एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "अमोनिया एवढा आहे आणि नायट्राइट काहीच नाही, म्हणजे तो पुढे सरकतच नाहीये ना? मग बॅक्टेरिया गेले कुठे?"

मागून हळूच आवाज आला, "शनिवारी आम्ही खडे धुतले मॅडम, बुळबुळीत झाले होते."

नळाच्या पाण्याने, ब्रशने घासून! आता त्या बुळबुळीतच तर नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू राहतात, माशांच्या कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियाचं ते नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते पालकाला मिळतं. घासून जे उरले असतील त्यांना नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने संपवलं. खरं सांगू, रागवावंसं वाटलंच नाही, ही साखळी फळ्यावर कितीदा काढली असेल, पोरांच्या डोक्यात ती आज शिरली.

मग पळापळ. खाणं बंद, क्लोरीन उडायला बादल्यांत ठेवलेलं पाणी होतं त्यातून एक तृतीयांश पाणी बदललं, शेजारच्या वर्गाच्या टाकीतले न धुतलेले खडे उसने आणले (त्यांनी भाव खाल्लाच). पीएच ७.८ होता, तो जितका वर तितका अमोनिया जास्त विषारी, त्यामुळे धाकधूक होतीच. दोन मासे गेले, बाकीचे दुपारपर्यंत खाली पोहायला लागले.

पण खरी मजा नंतर. भिंतीवरच्या आमच्या अन्नजाळ्याच्या चार्टवर बॅक्टेरिया नव्हतेच, ते कुठे लिहायचे यावरून भांडण. अर्धा वर्ग म्हणे विघटक. ती मुलगी म्हणाली ते काही कुजवत नाहीत, अमोनियातून ऊर्जा घेतात आणि पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं अन्न बनवतात, मग उत्पादकच की! उजेडाशिवाय उत्पादक कसा असेल, म्हणून खडे धुणारा तिच्याशी तावातावाने भांडत होता, आणि शेवटी त्यानेच चार्टवर पालकाच्या शेजारी नायट्रोसोमोनास लिहिलं, पेन्सिलने, म्हणजे खोडता येईल.