सव्वा रुपया कुठून आणायचा?

"सिस्टर, ऑपरेशनच्या आदल्या रात्री माणसं मरणालाच घाबरतात ना?" कुठल्याही लग्नकार्यात गेले की कुणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. मरणाला घाबरतात, पण रात्रपाळीत माझ्यापाशी बोलतात ते बहुतेकदा भलतंच असतं.

बायकांचं मंगळसूत्रापाशी अडतं. ते उतरवावं लागतं, कारण रक्त थांबवायला डॉक्टर विजेवरची कॉटरी वापरतात, अंगावर धातू असेल तर तिथे भाजू शकतं. भूल देतानाही मान मोकळी हवी. सुरुवातीला मी सरळ "मंगळसूत्र काढा" म्हणायचे. एका आजींनी हातच जोडले, "बाई, असं बोलू नये गं." खरंच की! आपल्याकडे बांगडी फुटली तरी "वाढवली" म्हणतात, आणि मी ट्रे पुढे धरून बिनदिक्कत काढा म्हणत होते. आता सांगते, "यजमानांकडे सांभाळायला द्या, नंतर तेच घालतील." यजमान लाजतात.

पुरुष उशिरा तोंड उघडतात. बायपासचे एक काका होते. संमतीपत्रावर सही झाली होती, पण रात्री दीड वाजता टक्क जागे. डॉक्टरांना विचारून झोपेची गोळी देऊ का म्हटलं, तर म्हणाले, "झोपेचं नाही हो. माझ्या वेळी वडिलांनी खंडोबाला नवस बोलला होता. तो फेडायच्या आत ते गेले. आता देव माझ्याकडून वसूल करतोय." नळ्या का बंद झाल्या ते डॉक्टरांनी दुपारीच चित्र काढून समजावलं होतं आणि काकांना ते नीट कळलंही होतं. (उशीखाली तंबाखूची पुडी सापडली, ती गोष्ट वेगळी.)

आमच्या पुस्तकांत याला आध्यात्मिक क्लेश म्हणतात. अमेरिकेतल्या परिचर्या-निदानांच्या, म्हणजे नर्सनं पेशंटमध्ये ओळखायच्या त्रासांच्या, यादीत तो १९७८पासून आहे. आमच्या केसपेपरवर त्याला रकाना नाही. मी "पेशंट जागा, बीपी १६०/१००" एवढंच लिहिलं.

अशा वेळी "असं काही नसतं हो" म्हणू नये. नातेवाईक नेमकं तेच म्हणतात आणि माणूस गप्प होतो. मी म्हटलं, "देवाच्या नावानं सव्वा रुपया बाजूला काढून ठेवा. बरे झालात की जेजुरीला जा." काका उठून बसले. पण सव्वा रुपया आणायचा कुठून? चार आणे २०११मध्येच बंद झालेत! खाली चटईवर झोपलेल्या काकूंना उठवलं. शेवटी अकरा रुपयांवर ठरलं. काकूंच्या पर्समध्ये भंडाऱ्याची पुडी निघाली, माझ्याकडचा गॉजचा तुकडा घेऊन पुरचुंडी बांधली.

सकाळी थिएटरच्या दाराशी काकांनी ती मुठीतून सोडवून काकूंना दिली. "पर्समध्ये टाकू नकोस, पदराला बांध." काकू ड्रेसवर होत्या. त्यांनी ओढणीला गाठ मारली.