अकरावी गळती

सबनॉटिका हा खेळ २०१८ च्या जानेवारीत पूर्ण स्वरूपात आला तेव्हा माझ्या धाकट्या भावाने तो दोन आठवड्यांत संपवला होता. मी हातात घेतला तो या पावसाळ्यात, पाय मुरगळून घरी बसलो होतो म्हणून. टीव्ही बघून कंटाळा आला, पुस्तकं वाचवेनात, मग भावाचा जुना कॉम्प्युटर काढला. तो आता बेंगळुरूला असतो. त्यामुळे हा सगळा अनुभव मी इथे आणि तो फोनवर, असा झाला.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ४५४६बी नावाचा ग्रह, जवळजवळ सगळा पाण्याने भरलेला. अरोरा नावाचं प्रचंड अवकाशयान तिथे कोसळतं आणि तुम्ही एका छोट्या लाइफपॉडमधून कसेबसे वाचता. पॉडमधली आग विझवायची, वर येऊन झाकण उघडायचं, की समोर क्षितिजावर ते यान जळत पडलेलं दिसतं. यान का पडलं ते सांगत नाही, मजा जाईल. बंदूक मिळत नाही. चाकू मिळतो, आणि सुरुवातीला पाण्याखाली फक्त ४५ सेकंदांचा श्वास.

पहिले काही दिवस, म्हणजे खेळातले, मी मासे पकडून खाणं आणि त्यांच्यापासून पिण्याचं पाणी बनवणं यातच होतो. पॉडच्या पश्चिमेला केल्पच्या जंगलात वेली कापत होतो तेव्हा पीडीएचा, म्हणजे हातातल्या छोट्या कॉम्प्युटरचा, आवाज आला की अरोराच्या ड्राइव्ह कोरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या गाभ्यात, स्फोट झालाय, आणि लगेच उलटी मोजणी सुरू. दहा, नऊ, आठ. मी पाण्यावर डोकं काढलं आणि बघत राहिलो. यानाचा पुढचा भाग फुटला, आभाळ पांढरं झालं, पाणी हादरलं. खरं सांगायचं तर मला छान वाटलं. दिवाळीत दुसऱ्याच्या गच्चीवरची आतषबाजी बघताना वाटतं तसं.

ते छान वाटणं फार टिकलं नाही. त्या गाभ्यातून किरणोत्साराची गळती सुरू झाली होती. त्यानंतर अरोराच्या दिशेने थोडं पोहत गेलं की स्क्रीनवर किरणोत्साराची खूण यायची, कर्रकर्र आवाज सुरू व्हायचा आणि तब्येतीचा आकडा उतरायला लागायचा. मागे वळलं की थांबायचा. समुद्रात कोणीतरी न दिसणारं कुंपण घातल्यासारखं.

भावाला फोन केला.

"दादा, रेडिएशन सूट बनव. शिसं दोन आणि फायबर मेश दोन. वाळूच्या दगडांत शिसं मिळतं."

"आणि मग गळती कशी बंद करायची?"

"ती कशाला बंद करतोस? सूट घाल आणि फिर. आत जाऊन हवं ते आण. दुरुस्ती केली नाहीस तरी खेळ संपतो."

हे मला आधी खरंच वाटलं नाही. एवढा मोठा अणुभट्टीसारखा प्रकार समुद्रात उघडा पडलाय आणि खेळ म्हणतो, तुझी इच्छा असेल तर बघ. पण तो बरोबर होता. सूट अंगावर असला की काहीच होत नाही.

मी सूट बनवला. शिसं गोळा करायला एक दुपार गेली, कारण वाळूच्या दगडातून शिशाऐवजी चांदी किंवा सोनं निघालं की मी वैतागायचो. सोनं निघालं म्हणून वैतागणं आयुष्यात पहिल्यांदाच. सूट घालून कुंपणाच्या आत शिरलो. कर्रकर्र नाही, आकडा स्थिर. आणि तिथे पहिल्यांदा माझं लक्ष माशांकडे गेलं.

ते मजेत होते. मोठ्या डोळ्यांचे पीपर नेहमीसारखे इकडून तिकडे पळत होते. एक पकडून शिजवून खाल्ला, मला काही झालं नाही. किरणोत्सार होता तो फक्त माझ्यासाठी. माशाला नाही, वेलीला नाही, त्या माशाच्या मांसातही नाही.

मी पेशाने भौतिकशास्त्र शिकवतो, कनिष्ठ महाविद्यालयात, त्यामुळे हे डोक्यातून जाईना. प्रत्यक्षात नेमकं उलटं आहे. पाणी हे किरणोत्साराविरुद्ध फार चांगलं कवच असतं. ढोबळमानाने दर सात-आठ सेंटीमीटर पाण्यामागे गॅमा किरणांची तीव्रता निम्मी होत जाते. म्हणून तर अणुवीज केंद्रांत वापरलेलं इंधन पाण्याच्या खोल टाक्यांत ठेवतात आणि कर्मचारी काठावर उभे राहून काम करतात. खेळात शेकडो मीटर पाणी मध्ये असूनही मी भाजत होतो, ते शक्य नाही. धोका असतो तो पाण्यात विरघळणाऱ्या गोष्टींचा, सीझियम, आयोडीन यांचा. ते प्रवाहाबरोबर जातात, शेवाळात, शिंपल्यात, माशात शिरतात. म्हणजे खऱ्या अरोराजवळ पोहताना मी कदाचित बरा राहिलो असतो आणि तो पीपर खाऊन आजारी पडलो असतो.

याचं खरंखुरं उदाहरण आहे. कोमसोमोलेत्स ही सोव्हिएत अणुपाणबुडी ७ एप्रिल १९८९ रोजी आग लागून नॉर्वेजियन समुद्रात बुडाली. ४२ जण गेले. अणुभट्टी आणि अण्वस्त्रं असलेले दोन टॉर्पेडो यांच्यासकट ती जवळपास १,७०० मीटर खोलीवर अजून पडलेली आहे. २०१९ मध्ये नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी यंत्रमानव पाठवून तिच्या हवेच्या पाइपाजवळचं पाणी घेतलं, तेव्हा एका नमुन्यात सीझियम नेहमीच्या पातळीच्या ८ लाख पट निघालं. आकडा वाचून घाम फुटतो. पण त्याच शास्त्रज्ञांनी सांगितलं की काळजीचं कारण नाही, कारण तेवढ्या खोलीवर मासे थोडे आणि सीझियम पाण्यात भराभर पातळ होतं. तीस वर्षं झिरपतंय आणि मोजायला पाइपाच्या तोंडाशी जावं लागतं.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. एवढं यान पडलं, पण पाण्यावर तेलाचा तवंग नाही. प्लास्टिक नाही. भंगार आहे, पण ते उपयोगी: धातूचा एक तुकडा उचलला की त्यातून चार टायटॅनियम निघतात. स्टॉकर नावाचे लांब तोंडाचे शिकारी मासे तर ते भंगार तोंडात धरून खेळतात, चावता चावता त्यांचे दात पडतात आणि ते दातसुद्धा आपल्याला मजबूत काच बनवायला लागतात. अपघात म्हणजे जणू किराणा दुकान.

मी अलिबागजवळ वाढलो. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली, कंटेनर समुद्रात पडले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती, आणि कित्येक टन तेल सांडलं. मी तेव्हा कॉलेजात. किनाऱ्यावर चालून आलो की तळव्याला काळं चिकटून यायचं आणि आई दारातच रॉकेलचा बोळा घेऊन उभी असायची. कांदळवनाच्या मुळांना ते तेल लागलेलं कोण पुसणार? आमच्याकडे मासे आणणं बंद झालं. नेहमीची कोळीण दारावरून जायची, आईशी दोन शब्द बोलायची, पाटी न उतरवता पुढे. तिने पकडलेले मासे चांगलेच असतील कदाचित, पण घेणार कोण. पीपर खाताना मला ती आठवली. त्यानंतर मी ठरवलं की गळती बुजवायची. कारण सांगितलं असतं तर भाऊ हसला असता, म्हणून त्याला सांगितलं की सूट काढायचाय. तेही खोटं नव्हतं. रेडिएशनचं हेल्मेट घातलेलं असताना रिब्रीदर, म्हणजे खोल पाण्यात हवा पुरवून वापरायचा मुखवटा, घालता येत नाही, आणि रिब्रीदरशिवाय खोल गेलं की हवा भसाभस संपते.

तयारी: रिपेअर टूल, दोन फायर एक्स्टिंग्विशर, वाटेतली खोकी बाजूला फेकायला प्रोपल्शन कॅनन, लेझर कटर, पाण्याच्या बाटल्या, मलमपट्टीचे दोन डबे. सीमॉथ ही छोटी पाणबुडी नुकतीच बनवली होती. नवी कोरी, पिवळी.

ती मी गमावली. अरोराच्या आसपासचं पाणी गढूळ आहे आणि तिथे रीपर राहतात. पन्नास-पंचावन्न मीटर लांबीचा प्राणी, तोंडाभोवती हुकासारखे चार अणकुचीदार आकडे. पीडीए त्याच्याबद्दल म्हणतो की तुम्हाला त्याची आरोळी ऐकू येत असेल, तर त्याने तुम्हाला पाहिलेलं आहे. मला ऐकू आली. मी भावाला विचारायला फोन उचलला, हाच मूर्खपणा. स्क्रीनकडे बघतो तर सीमॉथ त्याच्या आकड्यांत आणि काचेसमोर त्याचं तोंड. उडी मारून पोहत सुटलो, मागे धडाम झालं. "दादा, गेली का?" एवढंच तो म्हणाला.

यानाच्या फुटलेल्या तोंडातून आत चढलो. आत सगळीकडे आग, आणि कोळ्यासारखे केव्ह क्रॉलर अंगावर उड्या मारतात. आग विझवत, खोकी उडवत मी ड्राइव्ह कोरच्या दालनात पोहोचलो. ती जागा मात्र बघण्यासारखी आहे. अर्धं दालन पाण्यात बुडालेलं, मध्ये तो गाभा, आणि आजूबाजूला तडे. एकूण अकरा. प्रत्येकासमोर जाऊन रिपेअर टूल धरून थांबायचं. पाण्यात ब्लीडर नावाच्या जळवा असतात, त्या हाताला चिकटून रक्त पितात, झटकेपर्यंत सोडत नाहीत.

सहा झाले होते. सातव्याला टूल लावलं आणि लाइट गेली.

खेळातली नव्हे, घरातली. पावसाळा म्हटल्यावर ते आलंच. या खेळात आपोआप सेव्ह होत नाही. मी शेवटचं सेव्ह सीमॉथ बनवल्यावर केलं होतं. अंधारात बसून हिशोब केला: सहा गळत्या गेल्या, पण सीमॉथ परत मिळाली. बायको मेणबत्ती घेऊन आली, माझं तोंड बघून तिला वाटलं पाय दुखतोय. मी हो म्हटलं.

लाइट यायला दोन तास लागले. त्या वेळात एकच विचार येत होता. यान कंपनीचं, गाभा कंपनीचा, आणि गळती बुजवणारा कोण? मी खेळतोय तो रायली रॉबिन्सन, जहाजावरच्या बिनमहत्त्वाच्या यंत्रणांच्या देखभालीचा प्रमुख. म्हणजे बिघडलेली कॉफी मशीन वगैरे बघणारा असावा. जानेवारी १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडाच्या बर्फाळ उत्तर भागात कोसळला, तेव्हा कॅनडा आणि अमेरिकेने मिळून १ लाख २४ हजार चौरस किलोमीटर मुलूख धुंडाळला. हाती लागलं त्या इंधनाचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्का. कॅनडाने ६० लाख डॉलरचं बिल पाठवलं, सोव्हिएत युनियनने ३० लाख दिले. निम्मे का होईना, दिले. यानाची मालक असलेल्या अल्टेरा कंपनीने रायलीला साधा फायर एक्स्टिंग्विशर दिला, तोही पॉडमध्ये आधीच लटकवलेला.

दुसऱ्या फेरीत मी शहाणा झालो होतो. सीमॉथ लांब उभी केली, तळाला धरून पोहत गेलो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. रीपरची आरोळी दोनदा आली, दिसला नाही. आत वाट पाठ होती. अर्ध्या तासात दहा तडे बुजवले.

अकरावा सापडेना. गाभ्याभोवती चार चकरा मारल्या. तळाला गेलो, पाइपांच्या मागे गेलो, ब्लीडरने दोनदा धरलं, मलमपट्टी संपली. हवेसाठी वर यायचं, परत खाली. वीस मिनिटांनी सहज दम घ्यायला पाण्यावर तरंगत असताना मान वर केली, तर तो वरच होता. पाण्याबाहेर. मी त्याच्याखालून किमान सहा वेळा गेलो असेन. पाण्यातला खेळ म्हणून फक्त पाण्यात शोधत होतो.

टूल लावलं, तडा मिटला. आतषबाजी नाही, बक्षीस नाही. पातळी लगेच शून्यावर येत नाही, हळूहळू उतरते. ताबडतोब सेव्ह केलं, पोहत सीमॉथपर्यंत आलो, पॉडवर जाऊन पुन्हा सेव्ह केलं. सूट काढून लॉकरमध्ये टाकला. मग भावाला फोन.

"झाली बंद."

"अरे वा! आणि कॅप्टनच्या केबिनमध्ये गेलास ना? २६७९ कोड?"

मी गप्प.

"दादा, घरी जायच्या रॉकेटचे आराखडे तिथेच आहेत. त्यासाठी तर आत जातात सगळे."

लॉकर उघडला, सूट हातात घेतला, परत ठेवला. खेळातले काही दिवस मासे खात काढले आणि मग तसाच गेलो, सूटशिवाय, रिब्रीदर लावून. कर्रकर्र नव्हती. रीपर होता.