वस्तीसाठी राखणीचं कुत्रं शोधताना : माझा अनुभव

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर आमचा वाघ्या गेला. गेला म्हणजे बिबट्यानं नेला. आमची वस्ती जुन्नर तालुक्यात ओतूरच्या पुढं, गावापासून दीड-दोन किलोमीटर आत, तीन बाजूंनी ऊस आणि एका बाजूला कांद्याचं वावर नि विहीर. वाघ्याला रात्री गोठ्यासमोर खुंट्याला साखळीनं बांधायचो, आमच्याकडं सगळेच बांधतात, मोकळं सोडलं की कोंबड्यांच्या मागं जातं म्हणून. सकाळी शेण काढायला गेले तर खुंटा वाकलेला, साखळी ताणून पडलेली आणि तिच्या टोकाला पट्ट्याचा अर्धा तुकडा. रात्री तो भुंकला होता, मी ऐकलं होतं, कोल्हं असेल म्हणून कूस बदलून झोपले. बांधलेला होता म्हणून त्याला पळता पण आलं नाही. हे माझ्या मनातून अजून जात नाही आणि खरं तर त्यासाठीच एवढं लिहितेय.

त्यानंतर पंधरा दिवसांत विहिरीवरची केबल चोरीला गेली. आमचे हे चाकणला कंपनीत, आठवड्याआड रात्रपाळी, घरात मी, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मामा म्हणजे सासरे, मोठा मुलगा सात वर्षांचा आणि धाकटी तीनची. मामांचे गुडघे दुखतात पण लाईट रात्रीची असली की पाणी धरायला तेच उठतात. कुत्र्याशिवाय वस्तीवर भागत नाही हे सगळ्यांना पटलं होतं, भांडण होतं ते कुठलं आणायचं यावर.

ह्यांना रॉटवायलर पाहिजे होतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून डोक्यात बसलं होतं की नुसतं बघूनच चोर पळाला पाहिजे. मी आमच्या गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, ते कालवडीला इंजेक्शन द्यायला आले होते. ते म्हणाले, जात नंतर सांगतो ताई, आधी मला सांगा त्याला भाकरी कोण घालणार, रात्री ते झोपणार कुठं आणि तुमच्याकडं दिवसभरात येतं-जातं कोण. मी सांगितलं, घालणार मी, येणारे म्हणजे दूधवाला, कांद्याला मजुरीच्या बायका, पोरांचे मित्र, वायरमन. झोपायचं कुठं ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते म्हणाले मग पन्नास किलोचं ताकदीचं जनावर ज्याला रोज शिकवायला अनुभवी माणूस लागतं ते तीन वर्षांच्या पोरीच्या घरात आणि मालक आठवडाभर रात्रपाळीला, हे मला नाही पटत. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २३ जातींवर बंदी घाला म्हणून राज्यांना पत्र पाठवलं होतं त्यात रॉटवायलर होतंच, नंतर कर्नाटक हायकोर्टानं ते पत्र रद्द केलं, पण माझं तेवढ्यानं समाधान झालं नाही. मजुरीच्या बाईला चावलं तर तिच्यापुढं मी कुठलं कोर्टाचं कागद धरणार?

डॉबरमन पण निघालं होतं. त्याची केसं अगदी बारीक, आमच्याकडच्या थंडीत ते रात्री बाहेर कुडकुडत बसणार, ते घरात माणसांजवळ ठेवायचं कुत्रं आहे. मग कारवान, म्हणजे आपण मुधोळ म्हणतो ते. जतकडं आमचे एक पाहुणे आहेत त्यांच्याकडं मी लग्नाच्या आधी बघितलेलं, काय सुंदर जनावर असतं, कंबर अशी बारीक आणि पाय लांब, पळायला लागलं की जमिनीला टेकतच नाही. पोस्टानं २००५ साली त्याचं तिकीट काढलंय, आर्मीनं पण ट्रेनिंगला नेलीत. पण पाहुण्यांनीच फोनवर सांगितलं, पोरी हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं, माळरानाचं. ससा दिसला की ते तुझं ऐकणार नाही, उसात शिरलं की संपलं, आणि ससा मारला तर कायद्यानं गुन्हा. राखणीला एका जागी बसून राहणं हा त्याचा पिंड नाही. ते पटलं.

आणि मग आम्ही चुकलो. ह्यांनी जानेवारीत येताना हायवेच्या कडेला कुणी विकायला ठेवलेलं जर्मन शेफर्डचं पिलू आणलं, बारा हजाराला, दोन महिन्यांचं आहे आणि लस झालीय असं सांगून. पोरं तर वेडीच झाली. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून दाखवलं, आठ आठवड्यांच्या पिलाला दुधाचे सगळे २८ दात आलेले असतात, ह्याच्या दाढा आत्ता कुठं हिरडीतून वर येत होत्या. जेमतेम पाच आठवड्यांचं, आईपासून तोडलेलं. लसीच्या कार्डावर शिक्का नाही, सही नाही, बाटलीचं लेबल पण चिकटवलेलं नाही. तिसऱ्या दिवशी दूध प्यायचं बंद झालं, उलट्या, मग रक्ताची हागवण, त्या वासानं सगळी पडवी भरली, तो वास ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही. पार्वो, म्हणजे पिलांना होणारा विषाणूचा जीवघेणा रोग. चार दिवस सलाईन लावलं, मी पोतं अंथरून शेजारी बसायचे, पाचव्या दिवशी पहाटे ते माझ्या पदरात गेलं. माझ्या मुलानं दोन दिवस शाळेला दांडी मारली आणि मी त्याला रागावले नाही.

डॉक्टर म्हणाले फरशी ब्लिचिंग पावडरनं धुऊन घ्या पण अंगणातल्या मातीत हा विषाणू महिनोन्महिने राहतो, वर्षभर सुद्धा, तेव्हा लसी पूर्ण झाल्याशिवाय दुसरं पिलू ह्या अंगणात उतरवायचं नाही. हे ज्यांच्याकडं असं पिलू दगावलंय त्यांनी खरंच लक्षात ठेवा, आमच्याच वाटेवरच्या एका वस्तीवर त्याच जागी लागोपाठ तीन पिलं गेलीत आणि ते म्हणत होते आमच्याकडं कुत्रं लाभत नाही.

मार्चमध्ये मी माहेरी गेले, पारनेर तालुक्यात. भावाच्या रिकाम्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. संध्याकाळी वाघर लावलेली, जाळीच्या आत मेंढ्या आणि बाहेर चार कोपऱ्यांना चार कुत्री, कुणी बांधलेलं नाही, कुणी हाकललेलं नाही. आम्ही पोरांना घेऊन जवळ गेलो तर त्यातली एक तांबूस कुत्री उठली, दोनदा भुंकली आणि आमच्या नि मेंढ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. अंगावर आली नाही, मागंही सरली नाही. मेंढकाच्या बायकोनं नुसतं “ये गं” म्हणून हाक मारली तशी शेपूट खाली करून बाजूला झाली. मी तिथंच ठरवलं की मला हे पाहिजे. मला चावणारं कुत्रं नकोच होतं, कोण आपलं कोण परकं एवढं ओळखून वेळेवर सांगणारं आणि हाक मारली की थांबणारं पाहिजे होतं.

तिची पाच पिलं होती, सात-आठ आठवड्यांची. मी गुबगुबीत नर उचलायला गेले तर मेंढकाची बायको म्हणाली, पिलू काय बघतीस बाई, त्याची आई बघ, आई कशी वागती तसं ते निघतं. मग तिनं स्टीलची ताटली मुद्दाम खडकावर आपटली. एक पिलू गोणपाटाखाली जे घुसलं ते निघेना. एक भुंकत ताटलीवर धावून गेलं आणि तोंडातच धरून बसलं, ओढली तर गुरगुरायला लागलं. एक मादी दचकली, चार पावलं पळाली, थांबली, वळून बघितलं, आणि हळूहळू येऊन ताटलीचा वास घेऊन माझ्या पायाशी बसली. अंगावर बारीक तपकिरी ठिपके, एक कान उभा, एक पडलेला. ती म्हणाली ही ने. पैसे घेतले नाहीत, मी पायलीभर बाजरी आणि नारळ दिला तेवढा घेतला.

मादी म्हटल्यावर आत्यांनी फोनवरच नाही सांगितलं. दरवर्षी पिलं होणार, दारात कुत्र्यांचा गोतावळा जमणार, त्या पिलांना कोण बघणार. त्यांचं चुकीचं नव्हतं, आमच्याकडं माद्या अशाच पोत्यात घालून लांब सोडून येतात लोक. मी म्हटलं आत्या, ऑपरेशन मी करून आणते, माझ्या शिवणाच्या पैशातून, आणि पिलू तोवर माहेरीच राहील. भावानं ठेवून घेतलं. आठव्या आठवड्यात पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या दोन, तीन महिन्यांनंतर रेबीजची, प्रत्येक बाटलीचं लेबल कार्डावर चिकटवून घेतलं. मेच्या सुट्टीत पोरं मामाच्या गावाला महिनाभर तिच्याबरोबरच लोळली, नाव पण त्यांनीच ठेवलं, ठिपक्यांवरून बुंदी. पिलाच्या ह्या पहिल्या तीन-चार महिन्यांत जी माणसं, जे आवाज, जी जनावरं ओळखीची होतात ती कायमची होतात, म्हणून भाऊ तिला ट्रॅक्टरजवळ, शेळ्यांमध्ये, दूध डेअरीवर सगळीकडं फिरवायचा.

तिला आणायच्या आधी आम्ही जाळी केली. हे मी कुत्र्याच्या जातीपेक्षा महत्त्वाचं मानते. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी बिबट्यांचा अभ्यास केला, तो २०१४ साली छापून आला, त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. म्हणजे आपण ज्याला राखणीला बसवतो तेच त्याचं मुख्य अन्न. पडवीच्या कोपऱ्यात अँगलची चौकट, जाड वेल्डमेश, वरूनसुद्धा जाळी कारण बिबट्या चढतो, खाली काँक्रीट, आणि दाराला आतून-बाहेरून सरकत नाही अशी कडी. सहा बाय आठ फूट. तिथून तिला गोठा, विहिरीची वाट आणि फाटक तिन्ही दिसतं. अंधार पडायच्या आत बुंदी आत, उजाडल्यावर बाहेर. साखळी मी घरातून काढूनच टाकली. वाघ्याच्या पट्ट्याचा तुकडा मात्र आहे, गोठ्यातल्या खिळ्याला.

खायला भाकरी-ताक एकटं पुरत नाही, वाढत्या पिलाला रोज उकडलेलं अंडं नाहीतर कोंबडीचं उकडलेलं मटण थोडं लागतंच. आणि आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम सांगते, कांदा आणि द्राक्षं दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. आमच्या भागात दारात कांद्याची चाळ आणि शेजारी द्राक्षाची बाग, कालवणाचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतून द्यायची सवय, ती आधी आत्यांची मोडावी लागली. मनुका पण नाही.

ऑगस्टमधली गोष्ट. हे रात्रपाळीला, पाऊस भुरभुरत होता, लाईट गेलेली. एक वाजता बुंदी भुंकायला लागली, एकसारखी, विहिरीकडं तोंड करून, जाळीवर पुढचे पाय टाकून. ह्या वेळी मी कूस बदलली नाही. मामांनी बॅटरी मारली, मी पत्रा वाजवला, शेजारच्या वस्तीला फोन केला, तेवढ्यात उसाच्या कडेनं मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला. सकाळी विहिरीवर हॅक्सॉ ब्लेड पडलेलं आणि केबलच्या वरच्या रबराला दोन चरे, आतली तार शाबूत.

आणि पंधरा दिवसांनी दुसरी रात्र. तेव्हा ती भुंकलीच नाही. घशातल्या घशात गुरगुर, पाठीवरची केसं उभी, मागच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसलेली आणि नजर गोठ्यावर. मी खिडकीतून बघितलं तरी मला काही दिसलं नाही पण दार उघडलं नाही, मामांना पण उघडू दिलं नाही, बाहेरचा बल्ब लावला आणि आतूनच भांडी वाजवली. सकाळी गोठ्याच्या मागं ओल्या मातीत पंजे होते, माझ्या तळहाताएवढे, नखं न उमटलेले, म्हणजे बिबट्याचेच. वनखात्याला कळवलं, ते येऊन बघून गेले. आता आम्हाला तिच्या दोन आवाजांतला फरक कळतो, माणसासाठीचा वेगळा आणि त्याच्यासाठीचा वेगळा, आणि त्यावर मामा पाणी धरायला बाहेर जायचं की नाही ठरवतात.

सप्टेंबरमध्ये तिचं ऑपरेशन करून आणलं. टाके होते तोवर दहा दिवस ती घरात आत्यांच्या खाटेखाली होती, जागा तिनंच निवडली. दसऱ्याच्या सुमाराला भावाचा फोन आला की कोकणात उतरायच्या आधी तोच मेंढ्यांचा वाडा परत आमच्या वावरात बसलाय. मी निघाले तर आत्यांनी बाजरीची पिशवी भरून ठेवलेली, एक पायली नाही, दोन. म्हणाल्या त्या बाईला दे, आणि विचार पुढच्या वेताला एखादं पिलू माझ्या भावाला मिळेल का. आणि मी चप्पल घालत होते तर मागनं हाक मारून म्हणाल्या, मादीच सांग गं.