तुम्ही विचारलंत म्हणून: मीठ अडवणारा भात कॅडमियमही अडवतो का?

खारवट जमिनीत तग धरणाऱ्या भाताचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास विचारतात, की जो भात मिठाला दाद देत नाही तो कॅडमियम, आर्सेनिक अशी विषारी द्रव्यं पण बाहेरच ठेवत असेल ना? नाही हो. पीक हिरवंगार दिसलं की आपण निर्धास्त होतो, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

असं बघा, पोक्कलीसारख्या जुन्या जातींमधून खार सोसायचा गुण नव्या जातींत आणलाय, त्यातला मोठा वाटा पहिल्या क्रोमोसोमवरच्या सॉल्टॉल नावाच्या तुकड्याचा. त्या तुकड्यावरून बनणारं एक प्रोटीन मुळातून वर चढणाऱ्या पाण्यातलं सोडियम मधेच काढून घेतं म्हणून पानं करपत नाहीत. पण ते ओळखतं फक्त सोडियमला. कॅडमियमची वाटच वेगळी, ते मॅंगनीजच्या दाराने म्हणजे मुळातल्या एनरॅम्प ५ नावाच्या प्रोटीनमधून आत शिरतं, आणि आर्सेनिक शिरतं सिलिकाच्या दाराने. भाताला सिलिका भरपूर लागते त्यामुळे ते दार सताड उघडं.

त्यात मिठाचं आणखी एक आहे. मातीच्या कणांना धरून बसलेलं कॅडमियम क्लोराइडशी जोडलं जातं, पाण्यात मोकळं होतं आणि मुळांपर्यंत पोचतं, म्हणजे खार वाढला की कॅडमियम पण वाढू शकतं. दरवेळी वाढतंच असं नाही पण. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, खाचरात पाणी साचून राहिलं की चिखलातला ऑक्सिजन संपतो, सल्फेटचं सल्फाइड होतं आणि ते कॅडमियमला बांधून टाकतं. अशा खाचरातलं एखादं रोप उपटून बघा, मुळांवर तांबूस गंज चढलेला असतो, भोवतीचा चिखल काळा आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास. तो वास आला की कॅडमियमपुरतं मला बरं वाटतं, पण त्याच चिखलात लोहाचा गंज विरघळून त्याला चिकटलेलं आर्सेनिक सुटतं! पाणी ठेवलं तर आर्सेनिक, आणि दाणा भरताना पाणी काढलं तर कॅडमियम, अशी कात्री आहे ही.

आणि रोपाकडे बघून काहीच कळत नाही, कारण माणसाला घातक ठरेल एवढं कॅडमियम दाण्यात असलं तरी भात छान डोलत असतो. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या लोकांची हाडं ठिसूळ झाली ती खाणीतलं कॅडमियम पाण्यातून आणि भातातून पोटात जाऊन, सरकारने ते मान्य केलं १९६८ मध्ये.

खार असलेल्या जागा बऱ्याचदा नदीच्या मुखाशी असतात, वरून कारखान्यांचं, शहरांचं पाणी येऊन तिथेच गाळ बसतो. आधी मिठामुळे तिथे भात उभाच राहायचा नाही, आता राहतो आणि लोकांच्या ताटात जातो, म्हणून तिथे नुसती ईसी, म्हणजे खार किती ते सांगणारी विद्युतवाहकता, मोजून भागत नाही. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळात किलोमागे कॅडमियम ०.४ आणि अजैविक आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅम आहे, आणि तपासायचा तो त्याच शेतातला दाणा, दुसऱ्या शेतातला रिपोर्ट चालत नाही.

उपाय आहेत. काही जातींत एचएमए ३ नावाचं प्रोटीन कॅडमियमला मुळातच कोंडून ठेवतं, काहींत ते निकामी असतं, तेव्हा सॉल्टॉलबरोबर चांगलं एचएमए ३ आहे ना हे जात निवडतानाच बघता येतं. म्हणून कुणी खाऱ्या जमिनीसाठी जात विचारली की मी आधी त्यांना तिथल्या मातीतलं कॅडमियम किती आणि दाणा भरताना खाचरात पाणी किती दिवस ठेवता, हेच विचारते.