गोठ्यातली फियाट रस्त्यावर आणली त्याची गोष्ट

आमच्या गोठ्यात एक गाडी आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं पण तिला गाडी म्हणून कोणी मोजतच नव्हतं. टपावर कडबा, बॉनेटवर खताच्या गोण्या, आणि मागच्या सीटवर एक कोंबडी नेमाने अंडी घालायची. १९६९ ची फियाट ११०० डिलाइट. तेव्हा नवी फियाट घ्यायची म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, म्हणून आबांनी (माझे आजोबा) केळीचा पैसा आल्यावर भुसावळच्या एका डॉक्टरांची वापरलेली घेतली. १९९८ ला ती गोठ्यात गेली ती तिथेच राहिली.

गावात सगळे तिला डुक्कर फियाट म्हणतात, ते चूक आहे आणि ते ऐकून माझं डोकं फिरतं म्हणून आधी सांगून टाकतो. डुक्कर फियाट ही तिच्या आधीची, जिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागे कब्जा असलेले, उघडायचे. डिलाइट १९६४ ला आली, तिचे दरवाजे सरळ आहेत. हीच बॉडी पुढे थोडी बदलून प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. म्हणजे आमची ही पद्मिनीची मोठी बहीण. हे नातं पुढे फार कामाला आलं.

कोरोनानंतर मी डोक्यात घेतलं की गाडी चालू करायची. आप्पांनी (वडील) एकच वाक्य ऐकवलं, त्या पैशात शेतात पाण्याचं बोअर होईल. त्यांचं चूक नव्हतं.

मिस्तरी शोधण्यातच चार महिने गेले. जळगावात अजिंठा चौफुलीकडे गॅरेजं भरपूर पण कार्बोरेटर म्हटलं की पोरं हसतात, स्कॅनर लावायला जागाच नाही ना तिच्यात. शेवटी धरणगावकडचे एक मिस्तरी मिळाले, वय सत्तरच्या पुढे, सगळे त्यांना नाना म्हणतात. ते आले, बॉनेट उघडलं, एअर फिल्टरच्या डब्यातून उंदराचं घरटं काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "हाई गाडी शे का उंदीरसनं घर?" मी विचारलं नाना होईल का, तर म्हणाले "व्हई जाई भो" (होऊन जाईल भाऊ). हे व्हई जाई पुढची अडीच वर्षं ऐकलं.

इंजिन जाम होतं. नानांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात रॉकेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं आणि निघून गेले. रोज संध्याकाळी मी पुढून हँडल घालून नुसता दाब देऊन बघायचो, झटका द्यायचा नाही अशी ताकीद होती, नाहीतर रिंग तुटते. आठ दिवस काही नाही, भिंतीला ढकलल्यासारखं. नवव्या दिवशी हँडल अर्धा इंच सरकलं आणि आतून चिखलातून पाय काढल्यासारखा आवाज आला. मी गोठ्यात एकटाच ओरडलो, म्हैस दचकली.

फिरलं म्हणजे झालं असं नव्हतं. उघडल्यावर दोन नंबरच्या सिलिंडरच्या बोअरला (आतल्या नळीला) गंजाचा खड्डा निघाला. ब्लॉक लेथवर नेऊन वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर मारला, ओव्हरसाइज पिस्टन घेतले. १०८९ सीसीचं साधं इंजिन, काहीही झाकलेलं नाही, पाना जातो तिथे हात पण जातो. ब्रेक मात्र चारही ड्रम, सगळे व्हील सिलिंडर बसलेले, मास्टर सिलिंडर बाद.

सामानासाठी मुंबई गाठली आणि इथे पद्मिनी पावली. मी गेलो ते २०२३ साल, तेव्हा काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्यांचं शेवटचं चाललं होतं. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवलेली २००३ ची, म्हणजे ऑक्टोबरला खेळ खलास. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे दोन पद्मिनी उघड्या करून ठेवलेल्या. त्यातनं डायनामोचं आर्मेचर, चार्जिंगचा कटआउट, दरवाज्याच्या तिकोनी काचांचे खटके असं पोतंभर घेतलं. जाळी मात्र मिळाली नाही, डिलाइटची पुढची जाळी वेगळी असते, ती मग आमचीच ठोकून सरळ करून घेतली, जवळून बघितलं तर अजून वाकडी आहे.

आता पेंटरचं. नाव नाही घेत. मी घाईत होतो, चुलतभावाचं लग्न होतं. त्याने गंजलेला पत्रा कापायच्या ऐवजी वरून बोटभर लांबी (पुट्टी) थापली आणि फिक्कट निळा रंग मारून दिला, लग्नात फोटो पण झकास आले. पहिल्या पावसात दरवाज्याच्या खाली फोड यायला लागले, नख लावलं तर पापडासारखा तुकडा हातात आला आणि आत भोक. पंचेचाळीस हजार पाण्यात. मग धुळ्याच्या एका डेंटरने सगळं खरवडून, सडका पत्रा कापून, नवा पत्रा गॅस वेल्डिंगने लावला. कोणी विचारलं तर मी आता एवढंच सांगतो की रंगाचा दर विचारायच्या आधी पत्रा कापणार का ते विचारा, आणि लोहचुंबक खिशात ठेवा. चिकटलं नाही तिथे लांबी आहे.

कागदांचं काम त्याहून लांबलं. आरसी आबांच्या नावावर, आबा जाऊन अकरा वर्षं. मालक वारल्यावर गाडी नावावर करायला फॉर्म ३१, नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५, इथपर्यंत ठीक. पण गाडीचा रेकॉर्ड कॉम्प्युटरवर नाहीच, जुन्या रजिस्टरमधून काढून चढवावा लागतो, आणि ऑफिसात ते रजिस्टरच सापडेना. सात चकरा झाल्या. आठव्या वेळी एक शिपाईदादा स्वतः वर चढले आणि धुळीत माखलेला गठ्ठा घेऊन खाली आले, त्यात आबांची सही होती. मी त्यांना चहा पाजला, ते नको म्हणत होते. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली तेव्हा एक आकडा उमटेना, कारण धुळेवाल्याने तिथे जाड प्रायमर मारलेला. ब्लेडने खरवडून परत. फी तेव्हा पाच हजार, २०२२ च्या आधी सहाशेत व्हायचं, वरून उशिराचा दंड आणि पर्यावरण कर.

बरेच जण म्हणाले विंटेजमध्ये का नाही टाकली. २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांच्या वरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, फी वीस हजार, दहा वर्षं चालते, नव्याने नोंदवली तर नंबरात व्हीए येतं. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढंच. मला आईला बाजारात न्यायचं होतं. आधीच पंचवीस वर्षं ती उभीच होती ना भो.

पहिली लांबची फेरी पद्मालयाला काढली, गणपतीला. मे महिना, आप्पा चालवायला बसले, एवढा विरोध करणारा माणूस आणि डावा हात न बघता स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावर गेला. एरंडोलच्या अलीकडे गाडी दोनदा खोकलली आणि बंद. टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनाचा पंप तापून पेट्रोलची वाफ झालेली. नानांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ओलं फडकं त्या पंपावर ठेव आणि बिडी ओढून होईपर्यंत थांब. बिडी नाही ओढत, दहा मिनिटं लिंबाखाली थांबलो, सुरू झाली. रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम मात्र मी नंतर नवे टाकले, कारण आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, आमचा एक पाइप बोटाने दाबला तर च्युइंगगमसारखा झालेला.

एकूण दोन लाख चाळीस हजार गेले, आप्पांचं बोअर खरंच झालं असतं. आता दर आठवड्याला कोणीतरी फोन करतं, नवरदेवासाठी गाडी देता का, सजवून. एक तर खासगी नंबरची गाडी भाड्याने देता येत नाही, आणि आमच्याकडची लग्नं सगळी एप्रिल-मेमध्ये. वरातीत नवरदेवाला फेटा सांभाळत इंजिनाच्या पंपावर ओलं फडकं धरून उभं राहावं लागेल, हे सांगितलं की फोन आपोआप ठेवतात.